मूळचे कोण?

शाळेत मी आठवी-नववीच्या मुलींना भूगोल शिकवते. आमच्या उर्दू पुस्तकात ज्वालामुखीला ‘आतिशफिशाँ’ म्हणतात. आतिश म्हणजे आग आणि फिशाँ म्हणजे उधळणारा. शब्द इतका देखणा आहे की मुली तो एकदा ऐकला की विसरत नाहीत. बेटाला ‘जज़ीरा’. हा शब्द मराठी वाचकाला मुरूडच्या जंजिऱ्यामुळे ओळखीचाच आहे. शब्द पाठ होतात, पण नागपूर समुद्रापासून एवढे लांब की माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी समुद्रच पाहिलेला नसतो. मग समुद्रातून आग उधळत वर आलेला जज़ीरा त्यांच्या डोळ्यांसमोर कसा उभा करायचा? फळ्यावर मी एक त्रिकोण काढते, त्याच्या डोक्यावर धूर काढते, पायाशी लाटा काढते. मुलीही तोच त्रिकोण वहीत उतरवतात. २०१८ साली मला तो त्रिकोण प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

माझे धाकटे दीर मॉरिशसला एबेन येथे एका कंपनीत हिशेबाचे काम करतात. तीन वर्षे ते बोलावत होते. आपल्या लोकांना तिथे जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही, राहायला घर होतेच. प्रश्न तिकिटांचा होता. सासूबाई म्हणाल्या, “इतने पैसे में तो उमरा हो जाता.” त्यांचे म्हणणे काही चूक नव्हते. पण दिरांनी अर्धे तिकीट काढून पाठवले, तेव्हा त्यांचाच मुलगा असल्याने त्या गप्प बसल्या. दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी दोन दिवस रजा टाकली. नागपूरहून दुरंतोने मुंबई, आणि मुंबईहून सहा-सात तासांचे विमान. मी, शौहर आणि आमची नऊ वर्षांची मुलगी.

विमान उतरते ते बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात. तिथून दिरांच्या घरापर्यंत, रोझ हिलपर्यंत, रस्ता बराच वेळ उसाच्या शेतांतून जातो. त्या हिरव्या उसात जागोजागी काळ्या दगडांचे ढीग दिसतात. काही ढीग माणसाच्या दुप्पट उंच, पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले, काही नुसतेच लांबलचक गडगे. ऊस लावण्यासाठी जमिनीतून वेचून काढलेले हे दगड आहेत. आधी गुलामांनी वेचले, पुढे हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी. हे खिडकीतून बघत म्हणाले, “ये तो सीताबर्डी का पत्थर है.” ते गंमत करत होते. पण मी भूगोलाची शिक्षिका. मला ती गंमत तशीच सोडता येईना.

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, जिथे १८१७च्या नोव्हेंबरात भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, ती टेकडी थिजलेल्या लाव्ह्याची आहे. सेमिनरी हिल्सही तशीच. नागपूर हे दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्वेकडच्या काठावर बसलेले शहर. पश्चिमेला काळा दगड, आणि कामठीच्या बाजूला गेले की दगडाची जातच बदलते. ज्यांच्या नावाने आमच्याकडे कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात टाकळी भागात लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून शिंपले, फळे, किडे असे कितीतरी जीवाश्म काढले होते. म्हणजे आग एकदाच आली नाही. एक थर थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडे उगवली, किडे गुणगुणले, आणि मग पुन्हा वरून आग आली. ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट.

आता यापुढचे बहुतेक भूशास्त्रज्ञ काय सांगतात ते वर्गात मी असे दाखवते. मेणबत्ती एका जागी धरा आणि तिच्यावरून कागद हळूहळू सरकवा. कागदावर काळ्या डागांची रांग उमटेल. पृथ्वीच्या पोटातली ती मेणबत्ती आज रियुनियन बेटाखाली आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिच्यावर आपला दख्खन होता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे डाग उमटत गेले : लक्षद्वीप, मालदीव, चागोस. पुढे, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस. त्यानंतर रियुनियन. तिथला पितों दे ला फुर्नेझ अजूनही वारंवार आग उधळतो. मॉरिशसपासून तो जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. तेव्हा यांचे म्हणणे अगदी खरे होते. सीताबर्डीचा पत्थर आणि रोझ हिलचा पत्थर ही एकाच चुलीवरची भाकरी आहे, फक्त आपली फार आधी भाजली गेली.

याला आणखी एक पदर आहे. २०१७ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की मॉरिशसच्या खडकात झिरकॉन नावाच्या खनिजाचे काही कण सापडले, आणि ते तीनशे कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत. बेट ८० लाख वर्षांचे, पण त्याच्या पोटातला कण तीनशे कोटी वर्षांचा! लाव्हा वर येताना खाली बुडालेल्या एखाद्या जुन्या भूखंडाचे कण सोबत घेऊन आला असावा, असे ते म्हणतात. म्हणजे दगडालाही ‘तू मूळचा कुठला’ असे विचारले तर एका वाक्यात उत्तर येत नाही.

समुद्रातून असे नवे, भाजलेले बेट वर येते तेव्हा त्यावर काहीच नसते. जे येते ते उडत, वाहत किंवा तरंगत येते. म्हणून मॉरिशसवर जमिनीवर चालणारा सस्तन प्राणी नव्हता, वटवाघळे तेवढी होती. कुठूनतरी कबुतरांच्या जातीचा एक पक्षी उडत आला आणि राहिला. खायला जमिनीवरच मुबलक, मागे लागणारे कोणी नाही. हजारो पिढ्यांत त्याचे पंख आखूड झाले, अंग जड झाले, भीती गेली. हा डोडो. तो कबुतरच होता हे पुढे डीएनएने सिद्ध झाले. २००२ साली असेही कळले की आज जिवंत असलेल्या पक्ष्यांपैकी त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे आपल्या निकोबार बेटांवर आढळणारे निकोबारी कबुतर.

अरब खलाशांना ही बेटे माहीत होती. १५०२च्या एका पोर्तुगीज नकाशात त्यांची अरबी वळणाची नावे आहेत. पण अरबांनी तिथे घर केले नाही. १५९८ साली डच उतरले. डोडोचे मांस त्यांना आवडत नसे, त्यांनी त्याचे नावच ‘किळसवाणा पक्षी’ अशा अर्थाचे ठेवले होते. डचांनी डोडो खाऊन संपवला असे आपण ऐकतो, ते अर्धेच खरे आहे. जहाजांतून उंदीर उतरले, डुकरे सोडली गेली, माकडे आली. जमिनीवर घातलेले डोडोचे एकुलते अंडे त्यांच्या तोंडी पडले. डोडो जिवंत पाहिल्याची जी शेवटची नोंद सर्वसाधारणपणे मानली जाते ती १६६२ची आहे. चौसष्ट वर्षांत सारे आटोपले. वर जगाने त्याला मूर्ख ठरवले. ज्याने कधी शत्रू पाहिला नाही तो पळाला नाही, यात मूर्खपणा कसला?

पोर्ट लुईच्या संग्रहालयात डोडोचा एक सांगाडा आहे. जगातल्या इतर बहुतेक संग्रहालयांतले सांगाडे अनेक डोडोंची हाडे जुळवून केलेले. हा मात्र एकाच पक्ष्याचा, जवळजवळ पूर्ण, आणि तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधला एतिएन थिरियू नावाच्या एका न्हाव्याने. दुकान सांभाळून हा माणूस डोंगरातल्या घळी धुंडाळत असे. ही गोष्ट मला फार आवडली. त्याहून आवडली ती जॉर्ज क्लार्क यांची, कारण ते माझ्यासारखेच शाळामास्तर होते. माहेबूर गावी शिकवत. डोडोची हाडे मिळावीत म्हणून त्यांनी सुमारे तीस वर्षे वाट पाहिली. एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांना तर डोडो खरोखर होता की नाही याचीच शंका वाटू लागली होती. १८६५ साली, आज विमानतळ आहे त्याच्या अगदी जवळच्या ‘मार ओ साँज’ नावाच्या दलदलीत क्लार्क यांना हाडे मिळाली. ती लंडनला गेली, रिचर्ड ओवेन या मोठ्या शास्त्रज्ञाने त्यांवर ग्रंथ लिहिला, जगभरचे सांगाडे त्या दलदलीतून उभे राहिले.

पण दलदलीत कोण उतरले होते? क्लार्क यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की त्यांनी काही कुलींना तीन-एक फूट पाण्यात मधोमध पाठवले आणि त्या कुलींनी अनवाणी पायांनी चिखल चाचपून हाडे शोधली. ‘कुली’ हा शब्द त्या काळी त्या बेटावर कोणासाठी वापरत हे सांगायला नको. हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी खेड्यातून, पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून आलेला माणूस पोटरीभर चिखलात उभा आहे आणि त्याच्या तळपायाला काहीतरी कठीण लागते. काठी की हाड, हे तो पायानेच ओळखतो. डोडो पुन्हा जगाला सापडला तो त्या तळपायांना. ओवेनचे नाव पुस्तकात आहे, क्लार्कचे नाव आहे. तळपायांचे नाही.

आपल्या माणसांचा डोडोशी याच्याही आधी संबंध आला होता. पीटर मुंडी या इंग्रज प्रवाशाने १६२८ ते १६३४ या काळात केव्हातरी सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहिले आहे. आणि रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात, एक मुघल चित्र आहे. मधोमध तपकिरी डोडो, भोवती हंस आणि इतर पक्षी. ते जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर यांचे मानले जाते. बादशहाने ज्यांना ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब दिला तेच हे मन्सूर. युरोपच्या चित्रकारांनी डोडो काढला तो पुष्कळदा फुगवून, थट्टेचा विषय करून. मन्सूरचा डोडो सडपातळ आहे, नीट चालणारा आहे, आणि जाणकार त्याला जिवंत डोडोच्या सर्वांत विश्वासू चित्रांपैकी एक मानतात. मी त्याची रंगीत प्रत काढून वर्गात लावली आहे. मुली विचारतात, “मॅडम, ये मुर्गी कौन-सी है?”

दिरांच्या घरी पहिल्याच सकाळी माझी मुलगी गॅलरीतून ओरडली, “अम्मी, ये तो अपनी मैना है!” खरेच आपली साळुंकी होती, आणि तिची भाषाही अगदी आपल्याकडचीच होती. फ्रेंचांनी अठराव्या शतकात टोळ खाण्यासाठी साळुंक्या नेल्या होत्या. तारेवर शिपाई बुलबुल बसला होता, तोही आपलाच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेला. १९००च्या सुमाराला उंदीर मारायला मुंगूस नेले. त्यांनी उंदीर थोडे मारले आणि पक्षी फार. मुलगी दोन दिवस यादी करत होती : चिमणी अपनी, कव्वा अपना, नेवला अपना. तिला वाटले, हे तर नागपूरच आहे. मला मात्र प्रश्न पडला की मग इथले कोण?

ते पाहायला आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिले, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान. १९९४ साली ते जाहीर झाले. बेटाचे मूळचे चांगले जंगल आता दोन टक्केही उरलेले नाही, आणि जे आहे ते बहुतांश इथे. तिथे जंगल म्हटले तरी निम्मी झाडे बाहेरून आलेल्या चिनी पेरूची. त्यांची दाटी अशी की खाली देशी रोप तग धरत नाही. आमच्यासोबतचा वनविभागाचा तरुण वाटाड्या थांबला आणि त्याने बोट दाखवले. गडद हिरवा, आखूड शेपटीचा पोपट. एको पोपट म्हणतात. जगात फक्त इथे. १९८०च्या दशकात ते वीसही उरले नव्हते. थोड्या वेळाने दुसरा थवा कलकलाट करत गेला, फिकट हिरवा, लांब शेपटीचा. वाटाड्या हसून म्हणाला, “दॅट वन इज युवर्स.” आपला कंठवाला पोपट! पिंजऱ्यांतून सुटून तिथे वाढलेला. झाडांच्या ढोल्या तो आधी बळकावतो आणि एकोला अंडी घालायला जागा राहत नाही. आमच्या मोमीनपुऱ्यात घरोघरी पिंजऱ्यात जो ‘मिठ्ठू मियाँ’ म्हणून लाडका असतो, तो तिथे घुसखोर. मला त्या क्षणी ते थोडे लागले, हे कबूल केलेले बरे. घुसखोर हा शब्द आपल्याकडे पक्ष्यांपुरता राहिलेला नाही.

तिथला लहान ससाणा, मॉरिशस केस्ट्रेल, १९७४ साली रानात फक्त चार उरला होता. चार! एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा शिल्लक राहील एवढे. कार्ल जोन्स नावाचे वेल्श जीवशास्त्रज्ञ १९७९ साली तिथे आले. त्यांनी एक युक्ती वापरली. मादीने घातलेली पहिली अंडी उचलून यंत्रात उबवायची; घरटे रिकामे पाहून मादी पुन्हा अंडी घालते. एका हंगामात दुप्पट पिल्ले. वाढवलेली पिल्ले रानात सोडायची, सुरुवातीला वरून खायलाही घालायचे. चारांचे पुढे शेकडो झाले. गुलाबी कबुतरांचेही तसेच : १९९१च्या सुमाराला रानात दहाच्या आसपास होती, आज चारशेहून अधिक आहेत. डोडोच्या गावात डोडोच्याच जातभाईला हे लोक परत आणत होते.

गुलाबी कबुतर आम्ही दुसऱ्या ठिकाणी पाहिले, ईल ओ एग्रेतवर. माहेबूरसमोर समुद्रात २६ हेक्टरांचे टिकलीएवढे बेट, १९६५पासून राखीव. खरे तर ते लाव्ह्याचे नाही, प्रवाळाचे आहे, पण बेटाचे जुने जीवन तिथे पुन्हा मांडले आहे. तण उपटून एबनीची झाडे वाढवली आहेत. मॉरिशसची मूळची राक्षसी कासवे माणसांनी खाऊन संपवली. तीच झाडांची फळे खात, बिया पसरवत. आता ते काम करायला सेशेल्सच्या आल्डाब्रा बेटावरची कासवे आणली आहेत. परकी कासवे, पण देशी झाडे त्यांच्यावाचून वाढेनात. माझ्या मुलीने एका कासवाच्या मानेखाली हलकेच खाजवले तर ते चारही पायांवर उंच उभे राहिले आणि डोळे मिटून घेतले. परके असूनही त्याला कोणी घुसखोर म्हणत नाही, कारण ते काम करते.

या बेटावर मूळचा माणूस नाही. हे मला पुस्तकातून माहीत होते, पण तिथे फिरताना त्याचा अर्थ अंगावर येत गेला. कोणीच आदिवासी नाही. फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका-मादागास्करमधून गुलाम आणले, इंग्रज १८१० साली आले. गॅलापागोस पाहून डार्विनचे जहाज घरी परतत होते तेव्हा १८३६च्या एप्रिल-मेमध्ये ते पोर्ट लुईला थांबले होते. डार्विनने तिथे रस्त्यांवर राबणारे हिंदुस्थानी कैदी पाहिले आणि त्यांच्या देखणेपणाबद्दल लिहून ठेवले. १८३४पासून करारावरचे मजूर येऊ लागले. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांहून अधिक.

२ नोव्हेंबरला तिथे त्यांच्या स्मरणार्थ सुट्टी असते. २०१८ साली तो जुम्मा होता. दीर आणि हे पोर्ट लुईच्या जुम्मा मशिदीत नमाजाला गेले, अंगणात देशी बदामाचे मोठे झाड असलेली दीडशेहून अधिक वर्षांची मशीद. त्यानंतर आम्ही आप्रवासी घाटावर गेलो. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस त्या चढून आत जाई. तिथे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. पूर्वज कोकणातले, मुंबई बंदरातून आलेले. घरी क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकले आणि मग शिकवले. त्यांनी मला गणपतीतल्या ‘झाकरी’बद्दल सांगितले, आपल्या कोकणातली जाखडी ती. ओढणीतल्या बाईच्या तोंडून मराठी ऐकून त्यांना नवल वाटले. “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

हा प्रश्न मी नागपुरात भाड्याने घर शोधताना ऐकला आहे, प्रशिक्षणाच्या वर्गात ऐकला आहे. “नागपूरच्या” म्हटले की पुढे येते, “नाही, पण मूळच्या?” त्यांनाही मी म्हटले, “नागपूरची.” आणि तेही म्हणाले, “त्याआधी?” फरक इतकाच की ते हसत होते. म्हणाले, “आमच्याकडे हे सगळ्यांनाच विचारतात, बाई. इथे प्रत्येकाकडे एक जहाज असते.” मग मी त्यांना सांगितले. माझे आजोळ कामठीचे मोमीन. हातमागावर विणणारे. १८५७च्या धामधुमीनंतर पूर्वेकडून, आजमगढच्या बाजूने, घरे उठून कामठीला आली असे नानी सांगायची.

याच गोष्टीचे दुसरे टोक मला दोन दिवसांनी प्लेन व्हर्टमध्ये सापडले. ती पोर्ट लुईची जुनी मुस्लिम वस्ती. दिरांच्या ओळखीच्या एक बाई तिथल्या प्राथमिक शाळेत उर्दू शिकवतात. तिथे सरकारी शाळांत हिंदी, तामिळ, तेलुगू, मराठी यांच्याबरोबर उर्दूही ऐच्छिक विषय आहे. त्यांनी पाचवीचे पुस्तक दाखवले, मी माझ्या मुलींच्या वह्यांचे फोटो दाखवले. त्यांची अडचण अशी की मुले उर्दू वाचतात, लिहितात आणि वर्गाबाहेर पडली की एकमेकांशी क्रिओल बोलतात. माझी अडचण वेगळी : घरी उर्दू आहे, नोकरी मराठी-इंग्रजीत आहे. आम्ही दोघी बोलत असताना आतून त्यांची म्हातारी आई आली. ऐंशीच्या पुढची. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “तोहार घर कहाँ बा?”

माझी नानी असेच बोलायची. कामठीच्या आमच्या घरात ही बोली नानीबरोबर संपली. अम्मीला समजते, बोलता येत नाही. मला अर्धी समजते. पूर्वेकडचे ते जिल्हे शेजारी-शेजारी. त्याच काळात, त्याच उपाशी गावांतून काही जण माग खांद्यावर टाकून पायी कामठीला आले आणि काही कलकत्त्याला जाऊन जहाजात चढले. कोण कुठल्या वाटेला लागला हे कशावर ठरले असेल? बहुधा वाटेत भेटलेल्या दलालावर. म्हातारीला मी म्हटले, “नागपुर.” तिला ते माहीत नव्हते. तिने मुलीला शेवयांची वाटी दिली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दफ्तरे जपून ठेवली आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण. आजही तिथली कुटुंबे आपला माणूस शोधायला जातात. मार ओ साँजच्या चिखलात उतरलेल्या कुलींची नावेही त्याच रजिस्टरांत कुठेतरी असणार. फक्त कोणती, ते सांगणारे कोणी नाही.

आम्ही परत आल्यावर दीड-पावणेदोन वर्षांनी, २५ जुलै २०२० रोजी, वाकाशिओ नावाचे जहाज पॉइंट देस्नीजवळच्या खडकावर चढले. आम्ही कासव पाहिले त्या बेटाच्या अगदी समोर. सुमारे हजार टन तेल निळ्या पाण्यात सांडले. दीर रोज फोटो पाठवत होते. बेटावरच्या लोकांनी सरकारची वाट न पाहता उसाचे वाळलेले पाचट कापडी पिशव्यांत भरून लांबच लांब दोर केले आणि पाण्यात सोडले. बायकांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. ईल ओ एग्रेतवरची दुर्मीळ रोपे आणि सरडे घाईने बाहेर हलवले. त्या रांगांत क्रिओल, हिंदू, मुस्लिम, चिनी सगळे होते, आणि तोंडावर मास्क असल्याने कोणाला कोण ओळखूही येत नव्हते. २०२२च्या मार्चमध्ये त्या देशाने लहान ससाण्याला राष्ट्रीय पक्षी केले. देशाच्या राजचिन्हावर डोडो अजून आहेच.

सगळेच मात्र असे गोड नाही. तिथले फळे खाणारे वटवाघूळ हे बेटाचे खरोखर मूळचे रहिवासी. जंगलातल्या झाडांच्या बिया तेच पसरवते. पण ते लिची आणि आंबे खाते, म्हणून २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत सरकारने तीस हजारांहून अधिक वटवाघळे मारली. आम्ही होतो त्या नोव्हेंबरातही पुन्हा मारायचे ठरले होते. लिची तिथे चीनहून आलेली, आंबा आपल्याकडून. पाहुण्यांच्या फळासाठी घरमालकाला गोळी. संवर्धनाचे काम करणारे ओरडून सांगत होते की फळे उंदीर आणि पक्षीही खातात, झाडांना जाळ्या लावा. जाळ्यांसाठी सरकार अनुदानही देत आले आहे. पण लिचीचा एक हंगाम बुडालेल्या माणसाला हे पटवणे सोपे नाही. आमच्याकडे संत्र्याच्या बागांत रोही शिरले की शेतकरी काय म्हणतो ते मी ऐकलेले आहे.

दिरांच्या घरमालकाच्या अंगणात लिचीचे एक मोठे झाड आहे. गेल्या हंगामात त्यांनी जाळी आणली आणि दिरांनी शिडीवर चढून ती बांधली. दिरांनी फोनवर दाखवले, रात्री वटवाघळे येऊन जाळीभोवती घिरट्या घालतात आणि निघून जातात. खालच्या बाजूला मात्र एक फट राहिली आहे. तिच्यातून सकाळी शिपाई बुलबुल आत शिरतो, पोटभर खातो आणि त्याच फटीतून बाहेर येतो.